वजा एक सेकंद

१

मुलगा मागच्या अंगणात पालथा पडला होता आणि त्याचं डोकं खडूने काढलेल्या एका वर्तुळात होतं. अगदी मधोमध. मला वाटलं, आमच्याच कुणा अतिशहाण्याने सिनेमे बघून ही चित्रकला केली.

"कुणी सांगितलं होतं खुणा करायला?" मी हवालदारांवर खेकसले.

"आम्ही नाही, मॅडम. आलो तेव्हापासून आहे ते."

वर्तुळ ताटाएवढं. तिथून एक मोठं पाऊल अलीकडे खडूचीच एक फुली. लाल लेदरचा चेंडू घरंगळत जाऊन गटाराच्या जाळीवर अडकला होता. चार मजली इमारत, मजल्यामजल्यावर प्रवेश परीक्षांचे क्लास, मागे हे एवढंसं अंगण आणि त्यात सायकलींची पत्र्याची शेड. मुलगा सतरा वर्षांचा, क्लासातला पहिला नंबर. चेंडू डोक्यात बसला आणि जागच्या जागी गेला.

"चेंडू वरून आलाय," मागून आवाज आला. "गच्चीवरून. साधं गणित आहे, पण पोलिसांना जमेल का ते... अरेच्चा! तू तर आमची वजाबाई!"

माझे कान तापले. वीस वर्षं झाली, तरी तापले.

हे फिजिक्सचे सर. वीस वर्षांपूर्वी यांच्या वर्गात मी एक प्रश्न विचारला होता, एकच. उंचावरून चेंडू वर फेकला तर जमिनीवर कधी पडेल, असलं गणित होतं. त्याची दोन उत्तरं येतात, एक अधिक आणि एक वजा. सर वजावर काट मारून पुढे जायचे. मी हात वर केला, "सर, मग त्या वजा उत्तराचं काय होतं?" सर म्हणाले, "वेळ वजा असते का गं? तू उद्याचं जेवण काल जेवतेस का?" वर्ग खो खो हसला. सरांचं तेवढ्याने भागेना. तासभर बाकावर उभं केलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ओळख करून दिली, "ही आमची वजाबाई." पुढे वर्षभर मला माझ्या नावाने कुणी हाक मारली नाही. फिजिक्समध्ये चौतीस मार्क पडले. मग मी खाकी घातली.

"तुम्ही कुठे होतात, सर?"

"वर्गात. फळा पुसत होतो. धप्प आवाज आला म्हणून धावलो."

तेवढ्यात हवालदार धापा टाकत जिना उतरले. "मॅडम, गच्चीवर एक मुलगी आहे. कठडा धरून बसलीय, हात सोडवता सोडवेना. मेलेल्या पोराची सख्खी बहीण आहे."

२

शेजारच्या इमारतीच्या मालकाने एक कॅमेरा लावला होता. त्याच्या गच्चीवरचे नळ चोरीला जायचे म्हणून. कॅमेरा स्वस्तातला, सेकंदाला एकच फोटो काढणारा. त्यात योगायोगाने क्लासच्या गच्चीचा कठडा आणि वरचं आभाळ यायचं. कठड्याखालचं काही नाही.

पाच फोटो कामाचे निघाले. पहिल्यात मुलगी कठड्याशी उभी, हात वर, चेंडू नाही. दुसऱ्यात चेंडू कठड्याच्या पातळीवर, तिच्या समोर. तिसऱ्यात चेंडू तिच्या डोक्याच्याही खूप वर. चौथ्यात पुन्हा कठड्याच्या पातळीवर. पाचव्यात चेंडू नाही आणि मुलगी कठड्यावरून अर्धी खाली वाकलेली.

आमच्या साहेबांनी सरांनाच तज्ज्ञ म्हणून बोलावलं. गावात त्यांच्याएवढं नाव कुणाचं! सरांनी फोटोंवरून नजर फिरवली आणि उभ्या उभ्या कागदावर मांडून दिलं.

"कठडा जमिनीपासून पंधरा मीटर. चेंडू कठड्यापासून वर जायला एक सेकंद, परत कठड्याशी यायला एक सेकंद. म्हणजे कठड्याशी वेग सेकंदाला दहा मीटर, दिशा वर. तिथून जमिनीवर यायला किती वेळ? उत्तरं दोन. अधिक तीन आणि वजा एक." वजा एकवर त्यांनी पेन आडवं ओढलं. "तीन सेकंद. पहिल्या फोटोत हात उगारला, दुसऱ्यात चेंडू सुटला, तीन सेकंदांनी भाऊ मेला. काय वजाबाई, पटलं का?"

"वारा वगैरे?" हवालदारांनी विचारलं.

"पुस्तकात वारा नसतो," सर म्हणाले.

साहेब खूश. बहिणीचा नंबर दुसरा, भावाचा पहिला, म्हणजे कारणही आयतं मिळालं. मला म्हणाले, "उद्या दुपारी बाराला तिला न्यायाधीशांसमोर उभी करायची. फाटे फोडत बसू नकोस."

फाटे फोडायला तरी जागा कुठे होती? सरांचा कागद मुलीला दाखवला. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "बरोबर आहे. मीच फेकला असणार."

३

असणार! बावीस वर्षांच्या नोकरीत... नाही, एकोणीस वर्षांच्या, उगाच फुगवून कशाला सांगू... तर एवढ्या नोकरीत 'असणार' म्हणून कबुली देणारं कुणी बघितलं नव्हतं.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. मुलगी खुर्चीच्या टोकावर बसली होती. दोघं जुळी. ही अकरा मिनिटांनी मोठी, म्हणून तो तिला ताई म्हणायचा.

"तुला फेकल्याचं आठवतंय?"

"नाही."

"मग काय आठवतंय?"

"गच्चीवर वाचत होते. पाय अवघडले म्हणून उठले. खाली बघितलं तर तो अंगणात एकटाच उभा होता, सावधानमध्ये उभं राहतात तसा. मला हसू आलं. मी हात केला. मग समोर चेंडू होता."

"कुठून आला?"

"माहीत नाही. एकदम होता." तिने ओठ चावले. "सर म्हणाले, हात केला तेच फेकणं. म्हणाले, धक्का बसला की माणूस हवं तेवढंच लक्षात ठेवतो."

"आणि तू ऐकलंस?"

"सरांचं गणित चुकत नाही, मॅडम. मी तीनदा करून बघितलं. तीनच येतं." तिने माझ्याकडे बघितलं. "माझं आठवणं चुकत असेल. गणित कसं चुकेल?"

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. मी पहिला फोटो पुन्हा हातात घेतला आणि भिंग लावलं. वर केलेला हात मोकळा होता. पाचही बोटं पसरलेली. चेंडू काय कोपराने फेकतात?

"आई आली का गं भेटायला?"

"आली होती. दारातून बघून गेली."

४

आई बाहेर बाकावर होती. डोळे कोरडे. माझ्याशीही भिंतीकडे बघत बोलली.

"तिला आत टाका. मला नको ती."

"बाई, अजून काही सिद्ध झालेलं नाही."

"सरांनी मला समजावून सांगितलंय. कागदावर लिहून दिलंय." तिने खरोखरच पर्समधून घडी केलेला कागद काढला. "जन्मल्यापासून तो तिच्या मागे मागे. हिने नुसता हात केला की हा ताटावरून उठून जायचा. दवाखान्यात सुई टोचायची होती तर ही दारात दिसली, हिने हात केला, हा सुईसकट निघाला. अशा पोराला मारलं हिने. एका नंबरासाठी."

तिथून उठले ती क्लासच्या खेळाच्या मास्तरांकडे गेले. चेंडू लेदरचा, म्हणजे पहिला संशय त्यांच्यावर यायला हवा होता. गडी दांडगा होता. पण मी कपाटावरचं रजिस्टर मागितलं तर डाव्या हाताने काढलं.

"उजवा खांदा गेलाय," ते म्हणाले. "हात छातीच्या वर जात नाही. केस विंचरायलाही बायको लागते."

"चेंडू तुमचा?"

त्यांनी चेंडू फिरवून बघितला, शिवणीवरून अंगठा घासला आणि माझ्यापुढे धरला. अंगठा पांढरा झाला होता. "माझा नाही. माझे मातीने भरतात. ही खडूची भुकटी आहे. शिवणीत मुरलीय, म्हणजे चांगला वापरातला चेंडू आहे."

"खडू तर क्लासात सगळेच वापरतात."

"कुठल्या जमान्यात आहात, मॅडम? सगळीकडे पांढरे बोर्ड आणि मार्कर आलेत. खडू वापरणारे आमच्याकडे एकटे फिजिक्सचे सर."

"मागच्या अंगणात चारच्या सुमाराला कोण असतं?"

"बुधवारी कुणी नाही. बुधवारी चार वाजले की सर ते दार आतून लावून घेतात. पहिल्या नंबराच्या पोराची खास परीक्षा असते म्हणे. कसली ते पोरं मेली तरी सांगत नाहीत." मास्तरांनी जीभ चावली.

काल बुधवार होता.

पण कॅमेरा? चेंडू कठड्यापासून वर जाताना दिसतोय, आणि कठड्याशी ती एकटी. सर तर खाली. खाली असलेला माणूस वरून चेंडू फेकणार कसा?

५

संध्याकाळी ठाण्याच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मी चहा घेत उभी होते. समोर सरांचा कागद. तीनचं उत्तर बघून बघून डोकं उठलं होतं. कपाटाच्या किल्ल्या हवालदार खिशात घालून घरी निघाले होते. फाटकाशी दिसले तसे मी ओरडले, "अहो, किल्ल्या!"

त्यांनी तिथूनच जुडगा वर भिरकावला. नेम कसला तो! जुडगा गॅलरीच्या कठड्याबाहेरून माझ्या नाकासमोरून वर गेला आणि पुन्हा खाली अंगणात पडला.

आत टायपिस्ट बाई बसल्या होत्या. त्यांना खिडकीतून मी आणि गॅलरीचा कठडा तेवढा दिसायचा. त्या वैतागून म्हणाल्या, "मॅडम, किल्ल्या कशाला उडवताय? हरवतील ना!"

"मी कुठे उडवल्या?"

"आत्ता. बघितलं ना मी. तुमच्याकडून वर गेल्या."

चहा माझ्या हातावर सांडला. भाजलं ते नंतर कळलं.

मी तो कागद ओढला आणि सरांनी काट मारलेल्या आकड्याकडे बघत बसले. वजा एक. आता कुणी बाकावर उभं करणार नव्हतं. चौतीस मार्कांच्या अकलेने मी बोटांवर मोजलं. वर जाणारा चेंडू दर सेकंदाला दहाचा वेग हरवतो. कठड्याशी दहा होता, म्हणजे एक सेकंद आधी वीस होता. वीसवरून दहावर येताना सरासरी पंधरा. एका सेकंदात पंधरा मीटर. आणि कठडा पंधरा मीटरवर.

म्हणजे कठड्यापाशी येण्याच्या एक सेकंद आधी चेंडू जमिनीवर होता. वजा उत्तर खोटं नव्हतं. ते सांगत होतं की चेंडू कुठून निघाला. सगळी शहाणी माणसं त्याच्यावर काट मारतात, कारण त्यांना तशीच सवय लावलेली असते. ती लावणारा माणूस तरी हे जाणून असणार ना!

मी आनंदाने टेबलावर बुक्की मारली. मग पाचही फोटो ओळीने लावले, प्रत्येकाखाली सेकंद लिहिले, आणि पहिल्या फोटोवर आले तेव्हा माझा आनंद पार विझला. तो फोटो मी उचलला आणि खिशात घातला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या वर्गातच सगळ्यांना जमवलं. साहेब, खेळाचे मास्तर, मुलगी, आणि तिच्यापासून चार खुर्च्या सोडून बसलेली आई. फळ्याशेजारी चार फोटो चिकटवले.

"सर, आमच्या साहेबांसाठी एकदा फळ्यावर करून दाखवता का?"

सरांना फळा म्हणजे जीव की प्राण. खडू घेतला, झरझर मांडलं. अधिक तीन, वजा एक. वजा एकवर काट मारायला हात उचलला.

"राहू द्या तो," मी म्हणाले. "सर, मग त्या वजा उत्तराचं काय होतं?"

वर्गात कुणी हसलं नाही. मी पुढे झाले आणि बोटांवर मोजून दाखवलं. वीस, दहा, पंधरा. किल्ल्यांची गोष्ट सांगितली. मुलीचा श्वास मला ऐकू येत होता. मग मी चेंडू टेबलावर ठेवला आणि शिवणीतून नखाने खडू काढून दाखवला.

"चेंडू अंगणातून, शेडच्या कडेने वर फेकला गेला. शेडच्या पत्र्यामुळे फेकणारा गच्चीवरून दिसला नाही. मास्तरांचा हात छातीच्या वर जात नाही. खडू वापरणारे तुम्ही एकटे. आणि बुधवारी दाराला कडी तुम्ही लावता."

"सगळे तर्क," सर शांतपणे म्हणाले.

"हो. एक गोष्ट मात्र मलाही कळत नाही. तुमच्यासारख्या माणसाचा नेम इतका कसा चुकला? पोराला फुलीवर उभं केलंत आणि चेंडू भलतीकडेच पाडलात. वय झालं, सर."

सर लालबुंद झाले. "माझा नेम चुकला? वर्तुळ मी काढलं होतं, चेंडू वर्तुळात पडला! एक इंच इकडेतिकडे नाही! बारा वर्षं दर बुधवारी टाकतोय, एकाच्या केसाला धक्का लागला नाही. गणितावर विश्वास असला की माणूस फुलीवरून हलत नाही. चेंडू पावलाभर अंतरावर पडतो आणि पोरगं जन्माचं शूर होतं. हा हलला. गाढव हलला!"

मग त्यांच्या लक्षात आलं. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. हवालदार सरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"आणि त्याच्या बहिणीला फासावर द्यायला निघालात?" मी विचारलं.

"तिने मान्य केलं होतं. उत्तर बरोबर होतं," सर म्हणाले. "तीन सेकंद हे उत्तर आजही बरोबर आहे."

आई उठली. चार खुर्च्या पाडत गेली आणि मुलीला कवटाळलं. "माझं चुकलं गं बाई... माझ्या सोन्या, मी कसं गं ऐकलं त्यांचं... तू काही नाही केलंस, काही नाही केलंस." ती मुलीच्या केसांवरून सारखा हात फिरवत होती. मुलगी दोन दिवसांत पहिल्यांदा रडली. मलाही भरून आलं. मनात म्हटलं, झालं, आता यांना घरी जाऊ दे. फोटो कोर्टात लागेल तेव्हा लागेल. आज नको.

सरांना दारापाशी नेलं तेव्हा ते वळले. माझ्याकडे नाही, मुलीकडे बघितलं. वर्गात बघायचे तसंच.

"पडताळा घेतल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, काय शिकवलंय? भिंतीवर चार फोटो आहेत. मला दाखवले तेव्हा पाच होते."

"न्या यांना!" मी ओरडले. पण सांगायचं ते सांगून झालं होतं.

मुलगी आईच्या मिठीतून मान वर काढून फळ्याकडे बघत होती. फार हुशार पोर. तिचे ओठ हलायला लागले. आकडे मोजत होती.

"मॅडम, दुसऱ्या फोटोत चेंडू कठड्याशी आहे. तो शून्य सेकंद. मग पहिला फोटो..."

"तो बिघडलेला निघाला. त्या कॅमेऱ्याचं काही खरं नाही."

"...वजा एक. सरांनी फेकला ती वेळ. त्या फोटोत माझा हात वर होता ना? चेंडू अजून चार सेकंद हवेत असणार होता. तो फुलीवर उभा होता. आपणहून तो हलला नसता." तिने फळ्यावरून नजर काढली आणि आईकडे बघितलं. "आई, मी त्याला हात केला होता."

केसांवरून फिरणारा आईचा हात थांबला. थोडा वेळ तो तसाच तिच्या डोक्यावर होता. मग आईने तो काढून घेतला आणि स्वतःच्या पदरात गुंडाळला.

मी डस्टर उचललं आणि वजा एक पुसून टाकला. कुणी तिकडे बघत नव्हतं.